डीएफएमओ, पॉलिअमाईन आणि मुळांवरची बुरशी: दोन निकालांचा अर्थ कसा लावावा

तुम्ही कळवलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. गोराईच्या किनाऱ्यावरील सुरूच्या झाडांखाली मिळालेल्या पिसोलिथस या, मुळांवर आवरण घालणाऱ्या बुरशीची शुद्ध वाढ तुम्ही बटाटा-डेक्स्ट्रोज आगरवर केली, त्यात डीएफएमओ, म्हणजे पेशीला वाढीसाठी लागणारे पॉलिअमाईन हे छोटे रेणू बनवणारे विकर (एन्झाइम) बंद पाडणारे अवरोधक, एक मिलिमोलर मिसळले, आणि तीन आठवड्यांनंतरही वसाहतीच्या व्यासात काहीच फरक आढळला नाही. दुसऱ्या प्रयोगात गच्चीवरच्या कुंड्यांतील ज्वारीला हेच अवरोधक पाण्यातून दिले, आणि तेथे मात्र मुळांच्या पेशींत शिरणाऱ्या अर्बस्क्युलर बुरशीचा प्रादुर्भाव उघडपणे घटला. त्यावरून, मुळांवर बाहेरून आवरण घालणाऱ्या बुरशीला पॉलिअमाईनची गरज नसते आणि मुळांच्या पेशींत शिरणाऱ्या बुरशीला ती असते, असे एम.एस्सी.च्या प्रबंधात लिहावे काय, असे तुम्ही विचारले आहे.

तसे लिहू नये. तुमची दोन्ही निरीक्षणे अचूक असतील, त्याबद्दल मला शंका नाही. परंतु पहिल्या निरीक्षणावरून गरज नाही हे सिद्ध होत नाही आणि दुसऱ्यावरून गरज आहे हेही सिद्ध होत नाही. अवरोधकाचे नाव आपल्याला एवढेच सांगते की परीक्षानळीत तो कोणत्या विकराला धरतो. जिवंत बुरशीत तो पोचला का, पोचल्यावर विकर खरोखर बंद पडले का, बंद पडल्यावर पेशीतील पॉलिअमाईनचा साठा किती उतरला, आणि तो उतरल्यामुळेच वाढ थांबली का, हे चार प्रश्न वेगळे आहेत, आणि व्यास मोजून किंवा मुळे रंगवून त्यांपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही.

बुरशीतील मार्ग तुम्हाला पाठ असेल, तरी पुढच्या बोलण्याला आधार म्हणून तो एकदा मांडतो. ऑर्निथिन या अमिनो आम्लातून ऑर्निथिन डिकार्बॉक्सिलेज हे विकर कार्बन डायऑक्साइड काढून टाकते आणि चार कार्बनांचे, दोन अमिनो गटांचे पुट्रेसिन तयार होते. दुसऱ्या बाजूने एस-ॲडिनोसिलमिथिओनिनचेही डिकार्बॉक्सिलीकरण होते आणि त्यातून मिळणारा अमिनोप्रोपिल गट स्पर्मिडिन सिंथेज हे विकर पुट्रेसिनला जोडून स्पर्मिडिन बनवते; असाच आणखी एक गट जोडला की स्पर्मिन. पेशीच्या सामूला या तिन्ही रेणूंवर धनभार असतो, म्हणून ते आरएनए, डीएनए आणि पटलातील फॉस्फोलिपिड यांना चिकटून राहतात. लेव्हेनहुक यांनी १६७८ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली वीर्यात पाहिलेले स्फटिक स्पर्मिन फॉस्फेटचे होते, हे पुष्कळ नंतर उलगडले. या कुळातील नावांचा उगम तेथे आहे. वनस्पती आणि अनेक जिवाणू यांच्याकडे याशिवाय एक वळणाची वाट असते, ती म्हणजे आर्जिनिन डिकार्बॉक्सिलेजने आर्जिनिनपासून ॲग्मॅटिन आणि त्यापासून पुढे पुट्रेसिन. बहुतेक बुरशींकडे ही दुसरी वाट नसते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. या 'बहुतेक' शब्दाकडे आपल्याला पुढे परत यायचे आहे.

डीएफएमओ, म्हणजे अल्फा-डायफ्लुओरोमिथिलऑर्निथिन, हे १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेले रसायन. ते ऑर्निथिनसारखे दिसते, विकर त्याला ऑर्निथिन समजून हाताळू लागते, डिकार्बॉक्सिलीकरण होता होता एक फ्लुओरीन सुटतो आणि उरलेला क्रियाशील तुकडा विकराच्याच सिस्टीनला कायमचा जोडला जातो. कुलपात किल्ली मोडून अडकावी तसे ते विकर निकामी होते. पण पेशी नवे विकर घडवतच असते, त्यामुळे अवरोधक संपला किंवा धुऊन गेला की काम पुन्हा सुरू होते. एफ्लॉर्निथिन या नावाने हेच औषध १९९० मध्ये आफ्रिकेतील निद्रारोगावर मान्य झाले, आणि पुढे चेहऱ्यावरील नको असलेल्या केसांसाठीचे मलम म्हणूनही ते औषधांच्या दुकानात आले. हे सांगण्याचे कारण असे की शुद्ध डीएफएमओची किंमत पाहून एका विद्यार्थ्याने ते मलमच आगरमध्ये कालवल्याचे मी पाहिले आहे. त्याची प्लेट अगदी स्वच्छ राहिली आणि तो फार खूश झाला. अशा मलमात बुरशी धरू नये म्हणून पॅराबेनसारखी परिरक्षके घातलेली असतात. त्या परिरक्षकांनीच त्याची बुरशी मारली होती. तुम्ही शुद्ध रसायन वापरले आहे, हे फार बरे केले.

आता पिसोलिथसच्या प्लेटकडे येऊ. माझा पहिला संशय माध्यमावर आहे. बटाट्याच्या काढ्यात पुट्रेसिन आणि स्पर्मिडिन आयतेच असतात. माल्ट, यीस्ट आणि पेप्टोन यांच्या अर्कांतही असतात. बुरशीच्या पेशीला बाहेरून पॉलिअमाईन आत ओढून घेण्याची सोय असते, आणि घरातला स्वयंपाक बंद पडला की ती बाहेरच्या डब्यावर अधिकच जोराने ताव मारते. म्हणजे तुम्ही एका हाताने विकर बंद केले आणि दुसऱ्या हाताने त्या विकराचे तयार उत्पादन वाढून ठेवले. अशा प्लेटवर व्यास कमी झाला नाही, यात आश्चर्य नाही. मेलिन-नॉरक्रान्सच्या सुधारित माध्यमावर, म्हणजे मुळांवरच्या अशा बुरशींसाठीच्या नेहमीच्या माध्यमावर, प्रयोग पुन्हा करा, पण त्यातील माल्टचा अर्क वगळून त्याऐवजी ग्लुकोज वाढवा. अर्क काढल्यावर वाढ मंदावते आणि कवकजाल, म्हणजे बुरशीच्या तंतूंचे जाळे, पातळ दिसते. तेवढे सोसावे लागते. त्या माध्यमावर आधी दोनदा तरी स्थलांतर करा, म्हणजे जुन्या प्लेटवरून आलेल्या आगरच्या तुकड्याबरोबरचा आणि पेशींतला साठा पातळ होतो.

दुसरा संशय प्रवेशावर आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार. डीएफएमओ पेशीतच शिरले नसेल तर विकराचा दोष काय? हा रेणू भारित आहे, पटलातून आपसूक पाझरत नाही, आणि अमिनो आम्लांच्या वाहक प्रथिनांवर त्याला अवलंबून राहावे लागते. यीस्ट आणि न्यूरोस्पोरा यांच्यात हे वाहक नायट्रोजनच्या स्थितीप्रमाणे कमीजास्त होतात: माध्यमात अमोनियम मुबलक असेल तर अमिनो आम्ले ओढणारे सर्वसाधारण वाहक दबलेले असतात, आणि आर्जिनिन किंवा लायसिन हजर असेल तर ती त्याच दाराशी स्पर्धा करतात. म्हणून एकाच मात्रेचा परिणाम एका माध्यमात ठळक आणि दुसऱ्यात शून्य असा येऊ शकतो. मात्रेची एकच पायरी न ठेवता ०.१ ते १० मिलिमोलरपर्यंत चार-पाच पायऱ्या ठेवा. डीएफएमओ हायड्रोक्लोराइडच्या रूपात मिळत असेल तर ते माध्यम आम्लधर्मी करते, आणि वरच्या मात्रांना दिसणारी घट नुसत्या सामूची असू शकते; द्रावणाचा सामू आधी जुळवून, ते गाळून निर्जंतुक करून, कोमट आगरमध्ये मिसळा. ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका.

तिसरी गोष्ट साठ्याची, आणि विद्यार्थी सर्वांत जास्त चुकतात ते येथे. यीस्टमध्ये ऑर्निथिन डिकार्बॉक्सिलेजचा जीनच काढून टाकला तरी पेशी लगेच थांबत नाहीत. आधीच्या पिढ्यांकडून मिळालेला साठा वाटून घेत त्या काही पिढ्या विभाजित होत राहतात. त्याचे एक कारण असे आहे की स्पर्मिडिनचे सर्वांत निकडीचे काम अगदी थोड्या मात्रेत भागते. आयएफ-५ए नावाच्या प्रथिनातील एका लायसिनवर स्पर्मिडिनचा तुकडा बसवून त्याचे हायपुसिन केले जाते, आणि हे झाल्याशिवाय ते प्रथिन, पर्यायाने पेशीचे प्रथिननिर्मितीचे यंत्र, नीट चालत नाही. साठा पुष्कळ खाली गेला तरी हे काम चालू राहते, आणि मग एका मर्यादेखाली वाढ एकदम कोसळते. साठा आणि वाढ यांच्यात सरळ रेषेचे नाते शोधू नये, आणि साठा न मोजता वाढीवरून गरज ठरवू नये, हे दोन्ही त्यातूनच निघते.

साठा मोजणे अवघड नाही. कवकजाल आगरवर वाढवायचे तर सेलोफेनच्या पापुद्र्यावर वाढवा, म्हणजे खरवडताना आगर येत नाही; द्रव माध्यमातले असेल तर ते गाळून थंड पाण्याने धुऊन घ्या. पाच टक्के परक्लोरिक आम्लात थंडगार वाटून, तासभर बर्फावर ठेवून, अपकेंद्रित्रातून काढलेल्या वरच्या द्रवात मुक्त पॉलिअमाईन असतात. त्यात संपृक्त सोडियम कार्बोनेट आणि ॲसिटोनमधील डॅन्सिल क्लोराइड घालून रात्रभर अंधारात ठेवावे, उरलेले डॅन्सिल क्लोराइड संपवण्यासाठी प्रोलिन घालावे, टोल्युईनने ओढून घ्यावे आणि सिलिकाच्या पातळ थरावर सायक्लोहेक्झेन व इथिल ॲसिटेटमध्ये चालवावे. अतिनील दिव्याखाली हिरवट-पिवळे ठिपके उजळतात; अमोनियाचा निळसर ठिपका ओळखून बाजूला ठेवावा. उच्चदाब द्रव वर्णलेखनाची सोय असेल तर बेन्झॉइल क्लोराइडने रूपांतर करून २५४ नॅनोमीटरवर मोजणे अधिक नेमके पडते, फक्त मुंबईच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत बेन्झॉइल क्लोराइडची बाटली उघडी ठेवू नये. बुच चिकटलेले आणि तोंडाशी पांढरे कण जमलेले दिसले की त्या बाटलीवर भरवसा ठेवायचा नाही. ते बेन्झॉइक आम्ल असते.

या पातळ थरावरच माझी एक फजिती झाली होती. स्पर्मिडिन सिंथेज अडवण्यासाठी मी सायक्लोहेक्झिलअमाईन वापरत होतो. हे द्रव बाष्पशील आणि मासळीसारख्या उग्र वासाचे आहे, बाटली उघडली त्या दिवशी प्रयोगशाळेतील मदतनीस आत येऊन म्हणाले, "सर, आज कोणाच्या डब्यात सुकट आहे?" वास हसण्यावारी गेला. पण नंतर प्लेटवर एक नवाच ठिपका दिसला, फक्त उपचार दिलेल्या बुरशीत, नियंत्रित नमुन्यात मुळीच नाही. अवरोधकामुळे बुरशी काही वेगळेच अमाईन बनवू लागली, अशा समजुतीत मी आठवडाभर होतो, आणि वहीत त्याला नावही देऊन टाकले होते. सायक्लोहेक्झिलअमाईन हे स्वतःच प्राथमिक अमाईन आहे आणि डॅन्सिल क्लोराइड त्यालाही रंगवते, एवढी साधी गोष्ट लक्षात आली नव्हती. तेव्हापासून नुसत्या अवरोधकाचे द्रावण एका पट्टीत चालवल्याशिवाय मी कोणताही नमुना वाचत नाही. तुम्हीही तसे करावे.

सायक्लोहेक्झिलअमाईन विकरावर पुट्रेसिनची जागा अडवते. ती अडवणूक स्पर्धात्मक आहे, म्हणजे पुट्रेसिन भरपूर साठले की काही अंशी उठते. त्याचा परिणाम खरा आहे की नाही हे तपासायचे तर पुट्रेसिन नव्हे, स्पर्मिडिन परत द्यावे लागते. तिसरे नेहमीचे अवरोधक एमजीबीजी हे एस-ॲडिनोसिलमिथिओनिन डिकार्बॉक्सिलेजला धरते. त्याच्याबद्दल मी नेहमी सावध असतो. ते मायटोकॉन्ड्रियालाही इजा करते, पुट्रेसिन मोडणाऱ्या डायअमाईन ऑक्सिडेजलाही अडवते, आणि विकराला चिकटून त्याला मोडण्यापासून वाचवतेसुद्धा, त्यामुळे अर्क डायलिसिसने धुतला की विकराची क्रिया नियंत्रित नमुन्याहूनही जास्त दिसते, असे सस्तन पेशींत वारंवार आढळले आहे. वाढ थांबली म्हणून स्पर्मिडिन संपले असे एमजीबीजीवरून म्हणणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे होय. वेळ कमी असेल तर एमजीबीजी सोडून द्या. डीएफएमओ आणि सायक्लोहेक्झिलअमाईन नीट करा.

बाह्य मायकोरायझाच्या, म्हणजे मुळांवर बाहेरून आवरण घालणाऱ्या, बुरशींना पॉलिअमाईन बनवता येतात याबद्दल वाद नाही. १९९०च्या दशकात स्कॉटलंडमध्ये डेल वॉल्टर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅकेरिया प्रॉक्सिमा आणि पॅक्सिलस इन्व्होल्यूटस या बुरशींतील पॉलिअमाईननिर्मितीवर सलग काम केले, अवरोधकांचे आणि जड धातूंचे परिणामही तपासले. तुमची पिसोलिथस या नियमाला अपवाद निघाली तर तो मोठा शोध ठरेल, म्हणूनच तो एका बटाट्याच्या प्लेटवर उभा करू नये.

ज्वारीच्या कुंडीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तेथे अवरोधक दोन जिवांना एकाच वेळी मिळाला, आणि मातीतल्या जिवाणूंना धरले तर दोन सोडून असंख्यांना. डीएफएमओ वनस्पतीला फारसे बाधत नाही, ही समजूत प्रामुख्याने एका गाजलेल्या प्रयोगातून आली आहे. १९८५ मध्ये एम. व्ही. राजम, लिओनार्ड वाइनस्टाइन आणि आर्थर गॉल्स्टन यांनी घेवड्याच्या पानांवर तांबेऱ्याचे बीजाणू टाकले आणि डीएफएमओची फवारणी केली, ०.५ मिलिमोलर किंवा अधिक मात्रेला रोगापासून पूर्ण संरक्षण मिळाले. बुरशीकडे एकच वाट, ती बंद. वनस्पतीकडे आर्जिनिनची दुसरी वाट, ती उघडी, असे त्याचे स्पष्टीकरण होते. पण पान आणि मूळ यांत फरक आहे. वेगाने विभाजित होणाऱ्या मुळांच्या टोकांत ऑर्निथिनची वाटही महत्त्वाची असते. १९९६ मध्ये एल गाश्तूली यांच्या गटाने मटारावर केलेल्या कामात डीएफएमओने अर्बस्क्युलर बुरशीचा प्रादुर्भाव रोखला, आणि त्याबरोबर मुळांची वाढही खुंटवली. सोबत पुट्रेसिन दिल्यावर हे परिणाम मागे फिरले. म्हणजे पुट्रेसिनची टंचाई हेच कारण, हे त्यांनी दाखवले. ती टंचाई बुरशीत झाली की मुळात, हे मात्र अशा कुंडीतून सुटे करता येत नाही.

तुमच्या प्रयोगात पुट्रेसिन परत दिलेला गट नाही. तो नसेल तर घट कशाची हे सांगता येत नाही, आणि माझ्या मते प्रबंधातील सर्वांत मोठी उणीव ती आहे. चार गट ठेवा: नुसते पाणी, डीएफएमओ, पुट्रेसिन, आणि दोन्ही एकत्र. पुट्रेसिनचा स्वतंत्र गट वगळू नका, कारण ते एकटेही प्रादुर्भाव बदलू शकते आणि जास्त मात्रेत अपायही करते. ऑर्निथिन परत देऊन भागेल का, असे विद्यार्थी विचारतात. अवरोध कायमचा असल्याने विकर एकदा निकामी झाल्यावर ऑर्निथिनचा ढीग ओतून उपयोग होत नाही.

मोजणीबाबतही एक सुधारणा सुचवतो. तुम्ही प्रादुर्भावाची टक्केवारी दिली आहे, पण मुळांची लांबी दिलेली नाही. मुळे आखूड झाली तर टक्केवारी वर जाऊ शकते आणि प्रादुर्भावित मुळांची एकूण लांबी तरीही घटलेली असू शकते, उलटही होते. जाळीच्या रेघांवर छेद मोजण्याच्या पद्धतीने दोन्ही आकडे एकाच बैठकीत मिळतात. शिवाय तुमच्या कुंड्या जून ते ऑगस्ट गच्चीवर होत्या असे तुम्ही लिहिले आहे. डीएफएमओ पाण्यात सहज विरघळते, आणि आपल्याकडच्या एका जोरदार सरीत ते कुंडीच्या तळातून वाहून जाते. तुम्ही घातलेली मात्रा आणि मुळांपाशी टिकलेली मात्रा यांचा संबंध त्या दिवशीच तुटला. छप्पर हवे, किंवा दिवाळीनंतर प्रयोग लावावा.

आता त्या 'बहुतेक' शब्दाकडे. अर्बस्क्युलर बुरशी नायट्रोजन बाहेरच्या तंतूंतून आर्जिनिनच्या रूपात मुळाच्या आतल्या तंतूंकडे नेते, हे २००५ पासून चांगले प्रस्थापित झाले आहे. आत पोचल्यावर आर्जिनेज त्याचे ऑर्निथिन आणि युरिया करते, युरिएज युरियातून अमोनिया सोडवते, आणि तो वनस्पतीकडे जातो. मागे उरते ते ऑर्निथिन, म्हणजे आपल्या विकराचा नेमका कच्चा माल. वनस्पतीला नायट्रोजन पुरवण्याचे काम आणि पॉलिअमाईन बनवण्याचे काम एकाच चौकात येऊन मिळतात. म्हणून या बुरशीत पॉलिअमाईनचे चयापचय नायट्रोजनपासून तोडून पाहू नये असे मला वाटते, आणि ज्वारीला युरिया किती दिला हे तुम्ही न नोंदवल्याची मला अधिक रुखरुख लागते.

याच आर्जिनेजमुळे एक सापळाही तयार होतो. आर्जिनिनची वाट बंद करण्यासाठी डीएफएमए हे आर्जिनिनसारखे दिसणारे अवरोधक वापरतात, आणि त्याने परिणाम झाला की आर्जिनिन डिकार्बॉक्सिलेज असल्याचा पुरावा मिळाला असे लिहितात. परंतु आर्जिनेज डीएफएमएचेही तुकडे करते आणि त्यातून डीएफएमओ बाहेर पडते. तंबाखूच्या पेशींत हे १९८८ मध्ये दाखवले गेले. म्हणजे अवरोधक एका दाराने आत घातला आणि त्याने दुसरेच दार लावले. ज्या बुरशीत आर्जिनेज इतके महत्त्वाचे काम करते, तिच्यात डीएफएमएचा निकाल एकटा वाचण्यात अर्थ नाही. जायगॅस्पोरा रोझीया या अर्बस्क्युलर बुरशीच्या बीजाणूंवर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेले काम म्हणूनच मला महत्त्वाचे वाटते: तेथे किरणोत्सारी खुणेचे पदार्थ देऊन पाहिले गेले आणि पुट्रेसिन ऑर्निथिन व आर्जिनिन या दोन्ही वाटांनी बनते असा निष्कर्ष निघाला. त्या बीजाणूंत स्पर्मिडिन आणि स्पर्मिन सर्वांत जास्त होते. डीएफएमओ, डीएफएमए आणि सायक्लोहेक्झिलअमाईन या तिघांनीही पॉलिअमाईनची पातळी थोडीशीच उतरवली, आणि अंकुरणात अडथळा आणला तो फक्त सायक्लोहेक्झिलअमाईनने.

हा निकाल तुमच्या ज्वारीच्या निकालाशेजारी ठेवून पाहा. बीजाणूच्या पोटात भरपूर शिदोरी असते, तो यजमानाविना अंकुरतो, आणि डीएफएमओ त्याला तेवढ्या काळात उपाशी पाडू शकत नाही. पुढे मुळात शिरणे, मुळाच्या पेशीत फांद्याळलेली रचना म्हणजे अर्बस्क्यूल घडवणे, बाहेर नवे जाळे पसरवणे या टप्प्यांना मात्र नव्या प्रथिनांची आणि पटलांची मोठी गरज लागते, आणि त्याच वेळी मूळही त्याच अवरोधकाला तोंड देत असते. तेव्हा 'डीएफएमओ अर्बस्क्युलर बुरशीला मारते' हे वाक्य जितके चुकीचे, तितकेच 'तिला काही करत नाही' हेही. रोगकारक बुरशींवर डीएफएमओ शेतात वापरावे असे सुचवणाऱ्यांनी हा भेद पाहायला हवा: बीजाणू मातीत जिवंत राहिले, म्हणजे मुळाशी होणारी जोडणी शाबूत राहिली असे होत नाही.

विकराची क्रिया मोजण्याचा तुमचा विचार चांगला आहे, पण त्यात उडी घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा. पहिल्या कार्बनवर किरणोत्सारी खूण असलेल्या ऑर्निथिनमधून सुटणारा कार्बन डायऑक्साइड पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवलेल्या गाळणकागदावर पकडणे ही नेहमीची पद्धत आहे. कच्च्या अर्कात मात्र ऑर्निथिन इतर वाटांनीही मोडते आणि त्याचा वायू आपल्या खात्यावर जमा होतो. म्हणून अवरोधक घातलेली नळी आणि उकळलेल्या अर्काची नळी सोबत हवीच, आणि शक्य तर तयार झालेले पुट्रेसिनही मोजावे. दुसरे म्हणजे, अणुशक्तीनगरच्या अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी असलेल्या प्रयोगशाळेशिवाय हे काम करता येणार नाही. तुमच्या विभागाकडे ती नसेल तर वर सांगितलेल्या पातळ थरावर साठे मोजण्यात एक सत्र घालवणे मी अधिक फायद्याचे मानतो.

बुरशी आणि मूळ यांचा वाटा वेगळा काढायचाच असेल तर कुंडी सोडावी लागेल. रूपांतरित, म्हणजे जनुकीय बदलामुळे झाडाविना प्लेटवर वाढणाऱ्या, गाजराच्या मुळांवर अर्बस्क्युलर बुरशी वाढवण्याची पद्धत १९८८ पासून उपलब्ध आहे, आणि दिल्लीतील टेरी संस्थेच्या मायकोरायझा संग्रहाकडे अशा संवर्धनांचा मोठा अनुभव आहे. दोन कप्प्यांच्या पेट्री प्लेटमध्ये एका बाजूला साखर आणि मूळ ठेवावे, दुसऱ्या बाजूला साखरेशिवाय तेच माध्यम. भिंत ओलांडून बुरशीचे तंतू पलीकडे जातात; मूळ डोकावले तर ते दर आठवड्याला कापून टाकावे. मग एक प्लेट तशीच ठेवून दुसरीत डीएफएमओ फक्त त्या पलीकडच्या कप्प्यात द्यावे, आणि तिसऱ्या प्लेटमध्ये डीएफएमओबरोबर पुट्रेसिन. या माध्यमात माल्ट, यीस्ट किंवा बटाटा काहीच नसतो, त्यामुळे आयत्या पॉलिअमाईनची भानगड मिटते. मात्र तंतू भिंत ओलांडून पसरेपर्यंत अनेक आठवडे जातात आणि अवरोधक त्यानंतरच द्यायचा असतो, तेव्हा प्रबंध सादर करण्याची तारीख एप्रिलमध्ये असेल तर प्लेट या महिन्यात लावायला हव्यात.

तोपर्यंत निष्कर्षाच्या जागी असे लिहा: बटाटा-डेक्स्ट्रोज आगरवर एक मिलिमोलर डीएफएमओने पिसोलिथसच्या वसाहतीचा व्यास बदलला नाही, माध्यमातील पॉलिअमाईन वगळलेले नव्हते आणि पेशींतील साठा मोजलेला नव्हता, आणि ज्वारीच्या कुंडीत याच अवरोधकाने प्रादुर्भावाची टक्केवारी घटली, मुळांची लांबी मोजलेली नव्हती आणि पुट्रेसिन परत दिलेले नव्हते.